दोन ट्रॅकवर अख्खा अल्बम: 'टॅगो मॅगो'ची रीत आणि तुमची सरावाची खोली

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार जणांचा बँड, बारा बाय पंधरा फुटांची खोली, आठ चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा). दर रविवारी काही न ठरवता तीन-चार तास वाजवायचं आणि प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचं. मिक्स करायला बसलं की वाजवताना जो जीव होता तो सापडत नाही, नुसते सुटे तुकडे ऐकू येतात. 'कॅन' या जर्मन बँडचा १९७१चा 'टॅगो मॅगो' दोन ट्रॅकच्या टेप मशीनवर झाला हे कळल्यावर तुम्ही विचारलंय की जुनं टेप मशीन घ्यावं का, आणि तेवढ्यानं तो एकसंधपणा येईल का.

मशीन घेऊ नका. त्या काळातली रेव्हॉक्ससारखी मशीन आज मिळतात, पण त्यातले कपॅसिटर बदलावे लागतात, टेपवरचा आवाज वाचणारे हेड झिजलेले असतात, अलाइनमेंट म्हणजे त्यांची जुळणी करून देणारा माणूस शोधावा लागतो आणि नवी टेप महाग पडते. एवढं करून हाती येतो तो टेपचा पोत. 'टॅगो मॅगो'चा एकसंधपणा त्या पोतातून आलेला नाही.

तुमची खरी अडचण मला दोन ठिकाणी दिसते. वाजवताना कोण किती मोठ्यानं ऐकू यावं हे कुणीच ठरवत नाही, कारण ते नंतर मिक्समध्ये ठरवता येतं. आणि वाजवून झाल्यावर त्यातून रचना कुणी करत नाही, कारण चार तासांचे आठ ट्रॅक समोर असताना कुठे हात घालावा हेच कळत नाही. कॅनकडे पहिल्या गोष्टीला पर्याय नव्हता आणि दुसरी गोष्ट करणारा माणूस बँडमध्येच होता.

तो माणूस होल्गर चुकाय. बास वाजवायचा, रेकॉर्डिंग सांभाळायचा आणि टेप कापायचा. तो आणि की-बोर्डवरचा इर्मिन श्मिट दोघंही जर्मन संगीतकार श्टॉकहाउझेनकडे शिकलेले, त्यामुळे टेपवरचा आवाज हा कापून, जोडून, उलटा फिरवून रचना करण्याचा माल आहे, ही समज त्यांच्याकडे बँडच्या आधीपासून होती. ड्रमवरचा याकी लीबेत्साइट फ्री जॅझमधून, म्हणजे ठरलेली लय न पाळणाऱ्या जॅझमधून आलेला, पण इथे त्यानं उलट टोक गाठलं. एकच ठेका, घड्याळासारखा, लांबच लांब. गिटार आणि व्हायोलिनला मिशाएल कारोली. गायक दामो सुझुकी १९७०मध्ये आला. चुकाय आणि लीबेत्साइट यांना तो म्युनिकच्या रस्त्यावर गाताना दिसला आणि त्याच रात्री तो त्यांच्याबरोबर स्टेजवर होता.

जागा होती कोलोनजवळच्या नॉर्व्हेनिश गावातली जुनी गढी. तिथल्या मोठ्या, घुमणाऱ्या दालनात १९७०च्या अखेरीपासून १९७१च्या सुरुवातीपर्यंत, साधारण तीन महिने हे रेकॉर्डिंग चाललं. मोजके माइक आणि दोन-दोन ट्रॅकची दोन मशीन. दोन ट्रॅक म्हणजे डावा आणि उजवा. ड्रम जरा कमी करू, गिटार वर घेऊ, असलं काही नंतर करता येत नाही. टेपवर जे उतरलं तेच मिक्स. म्हणून गिटार जास्त झाली तर ती खोलीतच कमी करावी लागते, गायकाला ऐकू येत नसेल तर बाकीच्यांना हळू वाजवावं लागतं. चार-पाच माणसं एकमेकांना ऐकत वाजवतात ती अशा सक्तीनं. तुम्हाला ऐकू येतो तो एकसंधपणा यातून आलेला आहे.

तेव्हा पहिलं काम: आठपैकी सहा चॅनेल बंद, फक्त दोन चालू. हे अवघड जातं हे मला माहीत आहे. पण बाकीचे सहा 'असू देत, नंतर बघू' म्हणून चालू ठेवले तर सगळा फायदा जातो, कारण वाजवणाऱ्यांना ठाऊक असतं की सुटका आहे.

तुमची खोली गढीचं दालन नाही, त्यामुळे मांडणी जशीच्या तशी उचलता येणार नाही. बारा बाय पंधरा बाय दहा फूट म्हणजे जेमतेम ५१ घनमीटर. टाइल्स आणि उघड्या भिंती असतील तर वाद्यापासून साधारण अर्ध्या मीटरपलीकडे माइकला वाद्याच्या थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाजच जास्त मिळतो. म्हणून 'खोलीच्या मध्यावर दोन माइक टांगून टाका' हा सल्ला मोठ्या हॉलमध्ये छान चालतो आणि तुमच्याकडे चिखल करतो. शिवाय या मापाच्या खोलीत ३८, ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास खर्ज घुमतो. बासचा अँप कोपऱ्यात असेल तर काही सूर फुगतात आणि काही गायबच होतात. अँप कोपऱ्यातून काढा, जमिनीपासून फूटभर उचला, आणि भिंतीपासूनची चारही अंतरं वेगवेगळी ठेवा.

भिंतींना गाद्या लावा. कॅननं पुढे वाइलर्स्व्हिस्ट गावच्या जुन्या सिनेमागृहात स्टुडिओ हलवला तेव्हा तिथल्या भिंतींना लष्कराच्या जुन्या गाद्या लावल्या होत्या. कापसाची चार इंची गादी मधला आणि वरचा आवाज चांगला खाते. खर्जावर तिचा जवळपास काही परिणाम नाही, त्यामुळे गाद्या लावूनही बास घुमतोय म्हणून निराश होऊ नका, त्याचा इलाज अँपच्या जागेत आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींपैकी एकच झाका. सगळ्या झाकल्या तर खोली मुकी होते आणि वाजवणारे नकळत जोर लावतात.

आता आवाजाचं माप. ड्रम हे एकच वाद्य असं आहे की त्याला व्हॉल्यूमचं बटण नाही. म्हणून ड्रमर त्याला सहज वाटेल तेवढ्या आवाजात पाच मिनिटं एकटा वाजवतो, मग बास त्याच्याशी जुळवायचा, मग गिटार, मग की-बोर्ड. गायकाचा आवाज खोलीतल्याच लहान स्पीकरमधून, सगळ्यांना ऐकू येईल इतपत. हेडफोन कुणीच लावायचे नाहीत.

माइक तीन असतील तर लहान मिक्सरमधून दोन चॅनेलवर आणा. एक ड्रमच्या वर, स्नेअरपासून (मधल्या कडक आवाजाच्या ड्रमपासून) साधारण ८० सेंटिमीटर. दुसरा गिटार आणि की-बोर्डच्या अँपच्या मधोमध, दोन्हींपासून ४०-५० सेंटिमीटरवर, ड्रमकडे पाठ करून. तिसरा गाण्याचा. ड्रमचा थोडा डावीकडे, अँपचा थोडा उजवीकडे, गाणं मध्ये. अगदी टोकाला काही ढकलू नका. प्रत्येक माइक दुसऱ्यापासून, तो स्वतःच्या वाद्यापासून जितका लांब आहे त्याच्या निदान तिप्पट लांब असू द्या. नाहीतर एकच आवाज दोन माइकांना थोड्या फरकानं पोहोचतो आणि स्नेअर पोकळ, डब्यासारखा येतो. बास वेगळ्या माइकवर नसला तरी खोलीतून पुरेसा उतरतो. नाही उतरला तर बासचा अँप अर्धा फूट पुढे सरकवा.

लेव्हल २४ बिटवर, सर्वात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या आसपास. चाळीस सेकंद वाजवा, ऐका, आणि जे कमी-जास्त वाटेल ते माणूस किंवा अँप सरकवून दुरुस्त करा. मिक्सरच्या फेडरला, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या दांड्याला, हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी यात दोन तास जातील. जाऊ द्या. मग जमिनीवर चिकटपट्टीनं सगळ्यांच्या जागा आखून ठेवा, म्हणजे पुढच्या रविवारी दहा मिनिटांत उभं राहता येईल. शिवाय दोन वेगळ्या दिवसांचे तुकडे एकमेकांना जोडता येतील. हे दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

रेकॉर्डर कधी बंद करायचा? करायचाच नाही. कॅनमध्ये काही तांत्रिक बिघाड निस्तरेपर्यंत बाकीचे सहज वाजवत बसत, तेही चुकाय टेपवर घेत असे, बरेचदा इतरांच्या नकळत. अल्बमच्या दुसऱ्या अर्ध्यातला मोकळा, सैल, विचित्र भाग अशा मधल्या वेळच्या वाजवण्यातून आलाय. साडेसतरा मिनिटांचं 'ऑम्ग्न' आणि साडेअकरा मिनिटांचं 'पेकिंग ओ' ही ती दोन. नकळत रेकॉर्ड करा असं मी सांगणार नाही. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगा की दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत सगळं उतरतंय. वीस मिनिटांत माणसं विसरतात. स्टीरिओ, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ म्हणजे तासाला जवळपास एक जीबी, त्यामुळे जागेची चिंता नाही. फक्त दर अर्ध्या तासाला नवी फाइल सुरू करा. ३८ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगानं टेपचं ७३० मीटरचं रीळ बत्तीस मिनिटं चालतं. तेवढ्या तुकड्यावर माणूस ऐकण्याचं काम नीट करू शकतो, चार तासांच्या सलग फाइलवर नाही.

ऐकणं हा अर्धा अल्बम आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा भाग. रेकॉर्डिंगनंतर किमान तीन दिवस हात लावू नका, कारण 'तो भाग भारी झाला' ही वाजवतानाची आठवण अजून ताजी असते आणि ती बहुधा फसवी निघते. नंतर एकदाच, न थांबवता, वहीत वेळ टिपत ऐका. खुणा तीनच: ठेका पक्का बसला, काहीतरी अनपेक्षित घडलं, लक्ष उडालं. 'चांगलं' आणि 'वाईट' असं लिहू नका. तासाभरातून चार-पाच मिनिटं कामाची निघाली तर तो चांगला तास.

मग कणा निवडायचा. याच अल्बममधलं 'हालेलुवा' साडेअठरा मिनिटांचं आहे, एलपीची एक अख्खी बाजू. ते लांब वाजवण्यातून कापून घडवलेलं आहे, आणि तरी एका दमात वाजवल्यासारखं वाटतं ते लीबेत्साइटच्या ठेक्यामुळे. ठेका आणि बास जागचे हलत नाहीत, वरती गिटार, व्हायोलिन, की-बोर्ड, गाणं येतात-जातात. कानाला धरायला कणा असला की वरचं काही अचानक बदललं तरी ते बदल म्हणून ऐकू येतं, कापल्याचं जाणवत नाही. तुमच्याकडे असा किमान तीन मिनिटांचा न हललेला ठेका आहे का, ते आधी बघा. नसेल तर कापून उपयोग नाही. पुढचे दोन रविवार फक्त ड्रम आणि बास एकच आवर्तन पंधरा मिनिटं वाजवू देत. कुणालाही कंटाळा आला म्हणून बदलायची मुभा नाही.

क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) लावावा का, हे ड्रमरवर अवलंबून आहे. क्लिकवर वाजवायची सवय नसलेला ड्रमर क्लिकचा पाठलाग करतो आणि ठेका ताठर होतो. अशा वेळी क्लिक नको, फक्त जोडायच्या दोन तुकड्यांची लय जवळची असली म्हणजे झालं. सोळा मात्रांना किती वेळ लागतो तो मोजा. ११० बीपीएमला (मिनिटाला ११० मात्रा) ८.७३ सेकंद, ११२ला ८.५७. एवढा फरक जोडणीवर कानाला धक्का म्हणून जाणवू शकतो. एका बीपीएमच्या आत असाल तर जोडा. त्याहून जास्त फरक असेल तर कॉम्प्युटरवर ताणून जुळवू नका, झांजेचा आवाज लगेच पाणचट होतो. दुसरा तुकडा शोधा.

कापायची जागा म्हणजे सम, किंवा समेइतकाच ठाम आघात. टेपवर याचं गणित डोळ्यांना दिसायचं: ३८ सेंटिमीटर म्हणजे एक सेकंद, १२०च्या लयीत एक मात्रा १९ सेंटिमीटर लांब. रीळ हातानं मागे-पुढे करत आघात हेडवर आणायचा, मेणाच्या पेन्सिलीनं खूण करायची आणि ब्लेडनं तिरकं कापायचं. तिरकं का, तर पाव इंची टेप ४५ अंशांत कापली की तो छेद टेपच्या लांबीत सव्वासहा मिलिमीटर पसरतो, म्हणजे ३८च्या वेगाला जवळजवळ १७ मिलिसेकंद. जुना आवाज तेवढ्यात उतरतो आणि नवा चढतो. काटकोनात कापली तर 'टक्' असा आवाज येण्याचा धोका. तुम्ही कॉम्प्युटरवर तेवढाच, १० ते २० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज उतरताना दुसरा चढतो. तो नव्या आघाताच्या आधी संपला पाहिजे. आघातावरच पसरला तर किकची (पायानं वाजणाऱ्या मोठ्या ड्रमची) धार बोथट होते, आणि 'जोड कळत नाही पण तिथे जोर जातो' अशी तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

जोड फसण्याची बाकीची कारणं ठरावीक आहेत. झांज वाजून अजून घुमत असताना कापलं तर तिची शेपूट तुटते, म्हणून नवा तुकडा झांजेवरच सुरू होईल असं पाहा. बासचा लांब सूर जोडावरून पलीकडे जात असेल तर तो तुटलेला कळतो, म्हणून बास नवा सूर घेतो तिथे कापा. गायकाच्या श्वासाच्या मधोमध कधीच कापू नका. आणि खोलीचा घुमारा: जुन्या तुकड्याची दीड-दोन सेकंदांची शेपूट नव्याच्या खाली हळू आवाजात ठेवता आली तर ठेवा. सगळं करूनही जोड लपत नसेल तर तिथे मुद्दाम मोठा आवाज आणता येतो. याच अल्बममधल्या 'मशरूम'च्या शेवटी स्फोट होतो आणि त्यातूनच 'ओ येह' सुरू होतं. तिथे कानाला मागचं काही आठवायला फुरसत राहत नाही.

वर काही चढवायचं असेल तर दोन मशीनची पद्धत वापरा. पहिल्या मशीनवरचं स्टीरिओ वाजवायचं, त्याबरोबर नवं वाद्य थेट वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर उतरवायचं. टेपवर प्रत्येक अशा प्रतीत सूं असा आवाज वाढतो, पहिल्या प्रतीला साधारण ३ डीबी, आणि वरचा तजेला थोडा कमी होतो. म्हणून लोक तीच गोष्ट चढवायचे जिच्यावाचून चालणार नाही. तुमच्याकडे ती शिक्षा नाही, तेव्हा नियम स्वतः घालावा लागेल. एका तुकड्यावर जास्तीत जास्त दोन थर. प्रत्येक थरानंतर स्टीरिओ फाइल काढायची आणि मागचा प्रोजेक्ट बंद करायचा. नव्या थराची पातळी आत्ताच ठरवायची. इथे मात्र वाजवणाऱ्याला हेडफोन लागतील. बफर (कॉम्प्युटर आवाज साठवून पुढे सोडतो तो तुकडा) १२८ सँपलवर ठेवा, नाहीतर त्याला स्वतःचंच वाजवणं उशिरा ऐकू येईल आणि तो ठेक्याच्या मागे पडेल.

उलट्या आवाजाबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. 'ओ येह'च्या सुरुवातीला सुझुकीचा आवाज उलटा आहे, पुढे तो जपानीत सरळ गातो. हे करायची पद्धत सोपी आहे: कण्याची प्रत उलटी फिरवा, गायक त्या उलट्या ठेक्यावर गाईल, मग सगळं पुन्हा उलटा. ठेका सरळ होतो, गाणं उलटं राहतं. दोन ट्रॅकच्या टेपवर रीळ उलटवलं की डावा-उजवाही आपोआप अदलाबदल होतो, कॉम्प्युटरवर तो होत नाही. गायकाला शब्दांचे शेवट लांब ओढायला सांगा, कारण उलटल्यावर तेच सुरुवात होतात आणि आवाज फुगत आत येतो. आखूड व्यंजनांवर संपणारे शब्द उलटे नुसते चिरकतात. मात्र अख्ख्या अल्बममध्ये हे एकदाच करा.

आता तुमच्या परिस्थितीवर जे सोडावं लागेल ते. ड्रमर मुळात अस्थिर असेल तर ठेक्याची लांब रचना सोडून द्या आणि 'ऑम्ग्न'च्या वाटेनं जा, जिथे कणा आवाजाचा आहे, लयीचा नाही. तिथे जोड शांततेत किंवा घुमाऱ्यात लपतात आणि लय जुळवायचा प्रश्नच येत नाही. त्यात सुझुकीऐवजी इर्मिन श्मिटचा स्वर आहे, म्हणजे नेहमीच्या भूमिका बदलल्या आहेत. ते तुम्हीही करून पाहा. गाणं हेच तुमचं बलस्थान असेल आणि प्रत्येक शब्द स्वच्छ कळायला हवा असेल, तर दोन ट्रॅकची पद्धत तुमच्यासाठी नाही. ड्रम आणि गाणं एका खोलीत, एका टेपवर म्हटलं की झांज गाण्याच्या माइकमध्ये येणारच.

आणि काय ठेवायचं हे एकट्या बँडनं ठरवू नका. मधल्या वेळचं ते विचित्र वाजवणं अल्बममध्ये घ्यायचा आग्रह धरला हिल्डेगार्ड श्मिटनं. ती इर्मिनची पत्नी, बँडचं व्यवस्थापन बघणारी, कुठलंही वाद्य न वाजवणारी. त्यामुळे एका एलपीचं संगीत दोन एलपींचं झालं. तुमच्याकडेही वाजवण्यात नसलेलं एखादं माणूस शोधा. तुम्ही टाकून दिलेल्यातली चाळीस मिनिटं, नाव-तारीख न लिहिता, कुठलंही स्पष्टीकरण न देता त्या माणसाला ऐकवा, आणि आवडलं का असं न विचारता लक्ष नेमकं कोणत्या मिनिटाला उडालं एवढंच लिहून मागा.